अल्कलाइन काका

रक्ताचा रिपोर्ट वाचायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी नाव आपलंच आहे ना, ते बघायचं. मग वय बघायचं आणि ते अगदी बरोबर छापलेलं असलं तरी जरा नाराज व्हायचं. त्यानंतर साध्या अक्षरातल्या सगळ्या ओळी ओलांडून थेट ठळक अक्षरांवर उडी मारायची. ठळक म्हणजे गडबड, एवढं आपल्याला पक्कं ठाऊक असतं. साध्या अक्षरात छापलेल्या बिचाऱ्या क्लोराइडकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. क्लोराइड नॉर्मल आलं म्हणून कुणी पेढे वाटल्याचंही ऐकिवात नाही.

हा रिपोर्ट डॉक्टरांकडे जाण्याआधी आमच्या बागेतल्या कट्ट्यावर जातो. डॉक्टर पैसे घेऊन पाच मिनिटं देतात, कट्टा फुकटात दीड तास देतो. शिवाय डॉक्टर एकच निदान करतात. कट्ट्यावर माणशी एक मिळतं आणि त्यातलं आपल्याला सोसेल ते घेता येतं.

कट्ट्याचे अध्यक्ष म्हणजे एका बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांचं आडनाव साधंसुधंच आहे, पण मुलानं त्यांना वाढदिवसाला ‘अल्कलाइन वॉटर’ची बाटली दिली त्या दिवसापासून सगळे त्यांना अल्कलाइन काका म्हणतात. काकांच्या मते जगातले यच्चयावत रोग रक्त ॲसिडिक झाल्यानं होतात. गुडघेदुखी, केस गळणं, सुनेचा तुसडेपणा, सगळं. दुसरे सदस्य पाटबंधारे खात्यातले साहेब, ज्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नाला पाणी हेच उत्तर असतं. तिसऱ्या मालवणच्या काकू. त्यांचं वैद्यकशास्त्र दोन शब्दांवर उभं आहे: पित्त आणि उष्णता. आणि चौथ्या बाई. बाईंनी सगळी हयात दहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवण्यात घालवली. त्या फारसं बोलत नाहीत. डोळे मिटून ऐकत असतात आणि एखादं वाक्य फारच हाताबाहेर गेलं की डोळे उघडतात. बाईंनी डोळे उघडले की साठी ओलांडलेले पुरुषही पाय खाली सोडून नीट बसतात.

मध्यंतरी साहेबांच्या रिपोर्टात सोडियम ठळक अक्षरात आलं. 131. शेजारी कंसात 135 ते 145. कट्ट्यानं दोन मिनिटांत निकाल लावला की मीठ कमी पडतंय. काकूंनी करवंदाचं लोणचं सुचवलं, सुकट सुचवली आणि साहेबांच्या घरचं जेवण मुळात अळणीच असतं, असा एक जुना अभिप्रायही या निमित्तानं मोकळा केला. साहेब खूश झाले. डॉक्टरांनी बंद केलेलं लोणचं वैद्यकीय कारणानं परत मिळतंय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

बाईंनी डोळे उघडले. “दिवसाला पाणी किती पिता?”

“पाच लिटर,” साहेब छाती काढून म्हणाले. “डिटॉक्स.”

“हा आकडा मिठाचा नाही, मिठाच्या तीव्रतेचा आहे,” बाई म्हणाल्या. “एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, ते त्यात मोजतात. सोडियम तेवढंच राहिलं आणि पाणी वाढलं तरी आकडा खालीच येणार. बीपीची गोळी कुठली घेता तीही डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांनी सोडियम उतरतं. आणि आज दाखवा, सोमवारी नाही.”

तीव्रता म्हणजे विद्राव्य भागिले द्रावण, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं असतं. पण ते चंचुपात्रातल्या मोरचुदाला लागू असतं. निवृत्त कार्यकारी अभियंत्यालाही लागू असेल असं परीक्षेत कुणी विचारत नाही.

सोडियमचा विषय निघालाच होता म्हणून बाईंनी पुढचं सांगितलं, आणि ते मला फार आवडलं. आपल्या पेशींच्या बाहेर सोडियम भरपूर आणि आत पोटॅशियम भरपूर अशी मांडणी असते. ही मांडणी आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो दर खेपेला 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, आणि हे काम जन्मभर चालतं. ही मांडणी आहे म्हणून मज्जातंतूंतून संदेश जातो आणि हृदय आकुंचन पावतं. आपण स्वस्थ पडलेले असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा साधारण पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये हा पंप शोधला आणि त्याबद्दल त्यांना 1997 मध्ये नोबेल मिळालं. शोधासाठी त्यांनी खेकड्यांच्या पायांतले मज्जातंतू वापरले होते.

“म्हणजे नुसतं झोपून राहिलं तरी कॅलरी जळतात?” काकांनी विचारलं.

“जळतात.”

काकांनी त्या दिवशीच्या उरलेल्या दोन फेऱ्या रद्द केल्या.

काकूंची शंका वेगळी होती. “पायांतल्या नसा काढून घेतल्या, ते ठीक. बाकीच्या खेकड्यांचं काय केलं?”

याचं उत्तर बाईंकडे नव्हतं. मला वाटतं, नोबेल समितीनंही ते विचारलं नसावं.

आता मुख्य विषय, म्हणजे काकांची बाटली. तिच्यावर मोठ्या आकड्यात 9 छापलेलं आहे. हा पीएच, शाळेच्या पुस्तकातला सामू. 7 म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी; निळा लिटमस लाल, लाल लिटमस निळा. इथपर्यंत काकांना तोंडपाठ आहे. ही मोजपट्टी आली कुठून, हे कळल्यावर मात्र काकांची थोडी पंचाईत झाली. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञानं ती मांडली, आणि ही प्रयोगशाळा बिअर करणाऱ्या कार्ल्सबर्गवाल्यांनी काढलेली. काका माळकरी आहेत. बाटलीवरच्या आकड्याचं माहेर बिअरच्या कारखान्यात निघाल्यावर त्यांनी आठवडाभर बाटली उलटी फिरवून धरली.

सामूच्या पट्टीत गोम अशी की एका घराचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. दोन घरं म्हणजे शंभर पट. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्टीत असतो. जठरातल्या रसाचा दीड-दोनच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. म्हणजे छातीतल्या रक्तात आणि त्याखाली वीतभर अंतरावरच्या जठरात आम्लतेचा फरक लाखो पटींचा आहे. मधली भिंत हा फरक सांभाळते आणि तिच्या वरच्या थरातल्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात, कारण जुन्या या नोकरीत टिकत नाहीत.

या जठरात काका सकाळी अनशापोटी ग्लासभर 9 सामूचं पाणी सोडतात. त्या पाण्याची क्षारता किती वेळ टिकत असेल? काका पेला खाली ठेवून मिशी पुसतात तेवढा वेळ मी उदारपणे देईन. समजा त्यातूनही काही रक्तापर्यंत पोचलंच, तर तिथे कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांची जोडगोळी बसलेली असते. आम्ल आलं की बायकार्बोनेट ते पदरात घेतं, आम्लारी आलं की कार्बोनिक आम्ल. मागून फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड कमीजास्त सोडून हिशेब सारखा करतात आणि उरलंसुरलं मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर घालतात. थोडक्यात, काकांच्या अल्कलाइन पाण्यानं जे अल्कलाइन होतं, ते काका फ्लश करून येतात.

“पण लिंबू?” काकांनी एकदा हुकमाचं पान टाकलं. “आंबट असून शरीरात गेल्यावर अल्कलाइन होतं, हे तरी खरं की नाही?”

हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याइतकं चिवट काही नसतं. लिंबातलं सायट्रेट शरीरात जळलं की त्याचं बायकार्बोनेट होतं आणि त्यानं लघवीची आम्लता कमी होऊ शकते. काही प्रकारच्या मूतखड्यांवर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात ते याच कारणानं. रक्ताचा सामू मात्र आहे तिथेच राहतो. “लिटमस कुठे बुडवायचा ते आधी ठरवा,” एवढंच म्हणून बाईंनी डोळे मिटले.

खरं तर रक्त अल्कलाइन करायचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. भराभर, खोल श्वास घेत सुटायचं. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, कार्बोनिक आम्ल घटतं आणि रक्ताचा सामू खरोखर वर चढतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं, बोटं आखडतात. घाबरून धापा टाकणाऱ्या माणसाला जे होतं तेच. ज्या अवस्थेसाठी लोक महागडी बाटली घेतात, ती अवस्था आलीच तर लोक रिक्षा करून दवाखाना गाठतात.

काकूंच्या पित्ताचं प्रकरण यापेक्षा जुनं आणि आदरणीय आहे. घराघरांत ज्याला आपण पित्त म्हणतो आणि हल्ली ‘ॲसिडिटी’ म्हणतो, ते बहुतेक वेळा जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. हे तेच आम्ल, ज्याच्या बाटलीला हात लावू नका असं प्रयोगशाळेत बजावलं जायचं. आपण ते पोटात घेऊन बाकावर बसलेले असायचो. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरनं ते 1820 च्या दशकात जठररसात ओळखलं. त्याच सुमाराला अमेरिकेत एक विलक्षण प्रकार घडला. 1822 मध्ये मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाचं भोक बुजलं नाही. विल्यम ब्यूमाँट हा त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर. त्यानं रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून जठरात सोडले आणि थोड्या थोड्या वेळानं ओढून पाहिले. पचन म्हणजे रासायनिक क्रिया आहे, हे त्यानं असं दोरी ओढून दाखवलं आणि 1833 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सेंट मार्टिनला हा सगळा छळ वाटायचा. तो मधूनमधून पळून जायचा. तो चिडला की पचन बिघडतं, अशीही नोंद ब्यूमाँटनं केली. पोटात कोबी लोंबकळत असताना माणूस चिडणार नाही तर काय भजन म्हणणार?

ही नोंद ऐकून काकू भलत्याच खूश झाल्या. “मी कधीपासून सांगतेय, जेवताना ह्यांच्याशी बोललं की माझं पित्त उसळतं.”

पित्तावरचा घरगुती उतारा म्हणजे खायचा सोडा. सोडियम बायकार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू ढेकरेच्या रूपानं वर येतो आणि घरभर समाधान पसरतं: “आली बाबा ढेकर, आता बरं वाटेल.” ती ढेकर रोग गेल्याची पावती नसते, नुकत्याच झालेल्या अभिक्रियेचा आवाज असतो. गंमत अशी, की बीपीमुळे मीठ सोडलेली, पापडसुद्धा पाण्यात बुडवून चाटणारी माणसं दिवसातून दोनदा हा सोडा बिनदिक्कत पितात, आणि त्याच्या नावातच सोडियम आहे. आपल्या स्वादुपिंडाकडे बायकार्बोनेटचा स्वतःचा साठा असतो. अन्न जठरातून पुढे सरकलं की तो तिथे ओतला जातो आणि आम्ल तिथल्या तिथे शमतं, ढेकरेची जाहिरात न करता.

वजनाबद्दल कट्ट्यावर एक सोयीचा समज होता. वजन घामावाटे जातं. म्हणूनच काका मे महिन्यात जर्किन घालून फिरतात. एकदा बाईंनी सगळ्यांना सरळ प्रश्न घातला: दहा किलो चरबी उतरली, तर ती गेली कुठे? साहेब म्हणाले, घामातून. काकू म्हणाल्या, पोट साफ झालं की जाते. काका म्हणाले, उष्णतेत रूपांतर होतं, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम. बाईंनी तिघांना शून्य मार्क दिले. चरबी म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन. शरीरात ती जळते म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनशी तिचा संयोग होतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. अणू नाहीसे होत नाहीत. 2014 मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचा चोख हिशेब प्रसिद्ध केला. दहा किलोंपैकी 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जातात, आणि उरलेल्या 1.6 किलोंचं पाणी होतं. म्हणजे सडपातळ झालेल्या माणसाचं पोट त्याच्या नाकातोंडातून हवेत गेलेलं असतं. त्यातलं काही पुढे बागेतल्या गुलमोहरानंही घेतलं असेल.

यावर काकांचा चेहरा उजळला. “मग भराभर श्वास सोडला तर?”

“मुंग्या येतील,” बाई म्हणाल्या.

जळणाची ही कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची. 1780 च्या दशकात लाप्लास यांच्यासोबत त्यानं एक गिनीपिग बर्फाच्या पेटीत ठेवला, किती बर्फ वितळला ते मोजलं आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलन आहे असं सांगितलं. पुढे 1794 मध्ये क्रांतिकारकांनी लाव्हाझिएचंच डोकं उडवलं, करवसुलीच्या धंद्यात भागीदार होता म्हणून. गिनीपिगवरून त्याला कुणी काही म्हटल्याची नोंद नाही.

आता शुगरवाल्यांकडे वळायला हवं, कारण कट्ट्यावर त्यांचं बहुमत आहे. रक्त द्यायच्या आधीचे दोन दिवस या मंडळींचं वागणं पाहण्यासारखं असतं. मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. उपाशीपोटीची साखर सुरेख येते. खाली ‘एचबीए1सी’ नावाची एक ओळ असते, ती सगळा बनाव उघडा पाडते. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटतं. त्याला विकर लागत नाही, परवानगी लागत नाही. साखर जितकी जास्त आणि जितके दिवस, तितकं जास्त चिकटणार. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढे दिवस ही नोंद अंगावर घेऊन फिरते. म्हणून दिवाळीतला चिरोटा डिसेंबरच्या रिपोर्टात सापडतो. मधुमेही माणसांच्या रक्तात हे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे 1960 च्या दशकाच्या अखेरीला इराणमधल्या सॅम्युअल रहबर यांच्या ध्यानात आलं. साखर आणि प्रथिन यांच्या या चिकटण्याचं रसायन त्याच्याही आधी, 1912 मध्ये, मायार या फ्रेंच माणसानं सांगितलं होतं. पावाचा वरचा पापुद्रा तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो, त्याची सुरुवात याच क्रियेनं होते. भट्टीत मिनिटांत होतं, आपल्यात महिने लागतात. खमंगपणा येत नाही, एवढाच काय तो फरक.

हिमोग्लोबिन निघालंच आहे तर लोखंडाचंही सांगायला हवं. शरीरातलं लोखंड फक्त तीन-चार ग्रॅम असतं. त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये, ऑक्सिजनची ने-आण करायला. एवढ्याशा लोखंडासाठी आपण गूळ, खजूर, लोखंडी कढई असा केवढा खटाटोप करतो. पण या बाबतीत मराठी स्वयंपाकघरानं नकळत एक फार शहाणपणाचं काम केलेलं आहे: पोह्यांवर लिंबू. भाजी-धान्यातलं लोह बहुधा ज्या रूपात असतं ते आतड्याला घ्यायला जड जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिकचं फेरस करतं आणि ते रूप सहज शोषलं जातं. वाफाळत्या पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड ठेवणाऱ्या कुठल्याही आजीनं हे क्षपण वहीत लिहून काढलेलं नव्हतं. आणि मग त्याच ट्रेमधून, त्याच हातानं चहा येतो. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला धरून बसतात आणि त्याचं शोषण कमी करतात. लिंबानं कमावलेलं चहा घालवतो. पिढ्यानपिढ्या महाराष्ट्रात लग्नं जमली ती या दोन परस्परविरोधी रसायनांच्या साक्षीनं. पोह्यांनंतर चहा तासाभरानं घ्या, असं बाई सांगतात. पण तासभर थांबायला लावलं तर मुलाकडचे उठून जातील.

गेल्या पावसाळ्यात कट्ट्याची मिसळ पार्टी झाली. तिथे साहेबांनी आपला धर्म पाळला: तिखट लागलं की पाणी, आणखी लागलं की आणखी पाणी. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यानं ते तोंडभर फिरतं तेवढं. ते तेलात विरघळतं, म्हणून मिसळीची सगळी आग वरच्या लाल तर्रीत तरंगत असते. दूध-दह्यातली स्निग्धता आणि प्रथिनं ते धरून नेतात, म्हणून शेजारी दह्याची वाटी ठेवतात. तिखट ही चव नव्हेच. जिभेतल्या ज्या ग्राहींना 43 अंशांच्या वरची उष्णता जाणवते, तेच कॅप्सेसिन लागताच उघडतात आणि मेंदूला सांगतात की भाजलं. हे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमधला अर्धा वाटा मिळाला. “मी आयुष्यभर हेच सांगत आलेय,” काकू म्हणाल्या. “मिरची उष्ण.” या वेळी बाईंनी मान डोलावली. कट्ट्याच्या इतिहासात काकूंना मिळालेला हा पहिला पूर्ण गुण.

दुसऱ्या दिवशी अल्कलाइन काका कट्ट्यावर आले नाहीत. पोट बिघडलं होतं. दोष मिसळीचा की नंतर रस्त्यावर प्यायलेल्या उसाच्या रसाचा, यावर दोन तट पडले. आम्ही सगळे घरी गेलो तेव्हा काका पलंगावर मलूल पडले होते, उशाशी ती बाटली होती, आणि काकांची सून ओआरएसचं पाकीट हातात धरून हताश उभी होती. काकांचं म्हणणं, त्यात साखर आहे आणि मला शुगर आहे.

बाईंनी खुर्ची ओढली. जुलाबात नुसतं पाणी पिऊन भागत नाही, कारण पाणी स्वतःहून आतड्याच्या भिंतीतून फारसं आत येत नाही. ते सोडियमच्या मागून येतं. आणि सोडियम आत घेणारं एक दार असं आहे की सत्यनारायणाच्या पूजेला बसावं तसं तिथे जोडीनंच यावं लागतं, सोडियम आणि ग्लुकोज. एकट्याला तिथे मान नाही. कॉलऱ्यातसुद्धा हे दार चालू राहतं. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही जोडी मांडली. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांनी पाजलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. “तेव्हा औषध म्हणून प्या, आणि साखर किती झाली ते डॉक्टरांना फोन करून सांगा,” बाई म्हणाल्या. “पाकीट एक लिटरचं आहे. अख्खं पाकीट, अख्खा लिटर. मनानं अर्ध्या ग्लासात घालायचं नाही. त्यात जिरेपूड नाही, मध नाही, हिंग नाही.”

काकांनी नाइलाजानं घोट घेतला. मग चष्मा लावला आणि आयुष्यभराच्या सवयीनं पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायला घेतला. ग्लुकोज. सोडियम क्लोराइड. पोटॅशियम क्लोराइड. ट्रायसोडियम सायट्रेट. इथे ते थांबले.

“बाई, सायट्रेट? हे कशाला घालतात?”

बाई क्षणभर गप्प बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच अडचणीत पाहत होतो. पण हाडाच्या शिक्षिका त्या, खोटं सांगणं शक्य नव्हतं. “जुलाबात शरीरातलं बायकार्बोनेट वाहून जातं,” त्या म्हणाल्या. “मग रक्त आम्लाकडे झुकतं. सायट्रेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते भरून निघतं.”

काका ताडकन उठून बसले. अशक्तपणा कुठल्या कुठे गेला. “म्हणजे रक्त ॲसिडिक झालं होतं.”

“थोडंसं होऊ शकतं. जुलाबामुळे.”

“आणि आता ते अल्कलाइन होणार.”

“नॉर्मल होणार.”

“अल्कलाइन,” काका म्हणाले आणि त्यांनी उरलेला ग्लास एका दमात संपवला. “सूनबाई, कट्ट्याच्या ग्रुपवर टाक. बाई कबूल झाल्या म्हणावं. फोटोत पाकीट येऊ दे, आणि ही बाटली पण.”